न लिहिलेले बारावे कलम

संशयी : १८६८ सालच्या मे महिन्याच्या १६ तारखेला वॉशिंग्टनच्या सेनेटगृहात जी मतमोजणी झाली, ती आठवली की मला अजूनही सुटल्यासारखे वाटते. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याच्याविरुद्ध प्रतिनिधिगृहाने ११ कलमांचा महाभियोग पाठवला होता. त्यांतले शेवटचे कलम प्रथम मतास घातले गेले, ३५ सभासदांनी त्याला दोषी म्हटले, १९ जणांनी निर्दोष म्हटले, आणि ५४ जणांच्या त्या सभेत दोनतृतीयांश म्हणजे ३६ मते लागत असल्यामुळे एका मताने त्याची खुर्ची राहिली. दहा दिवसांनी दुसऱ्या व तिसऱ्या कलमांवर मते घेतली गेली, आकडे तसूभरही हलले नाहीत, आणि उरलेल्या आठ कलमांवर मत न घेताच ती न्यायसभा उठून गेली. जॉन्सन मला मुळीच प्रिय नाही; तो हेकट होता, तोंडाळ होता, आणि ज्याच्या जागी तो बसला त्या लिंकनच्या मनाच्या मोठेपणाचा अंशही त्याच्या ठायी नव्हता. परंतु ज्या राज्यव्यवस्थेत अध्यक्ष ठराविक मुदतीसाठी निवडला जातो व विधिमंडळाच्या मर्जीवर राहत नाही, तेथे मतभेदाच्या रागाने त्याला खाली ओढण्याचा पायंडा पडला असता, तर पुढचा प्रत्येक अध्यक्ष सेनेटचा कारकून होऊन बसला असता. तुम्ही या निकालाला अनर्थ म्हणता, तो कोणत्या अर्थाने, हे मला समजून घ्यायचे आहे.

आग्रही : त्या निकालाची किंमत ज्यांनी मोजली त्यांतला एकही माणूस त्या सभागृहात मत द्यायला बसलेला नव्हता, हा माझा अर्थ. पण त्याकडे मी मागाहून येईन. तो माणूस त्या खुर्चीपर्यंत आला कसा हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्याचा उत्कर्ष आणि त्याचा अपराध हे दोन्ही एकाच मुळातून वाढले असे मला वाटते. १८०८ मध्ये उत्तर कॅरोलायनातील रॅली गावी एका सराईत हमाली करणाऱ्या माणसाच्या घरी तो जन्मला. तो तीन वर्षांचा असताना बाप गेला आणि पुढे आईने त्याला एका शिंप्याच्या दुकानात करार करून उमेदवारीला ठेवले. शाळेचे तोंड त्याने एक दिवसही पाहिले नाही. मात्र त्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या पोरांना प्रसिद्ध वक्त्यांची भाषणे मोठ्याने वाचून दाखवण्याची चाल होती, आणि सुई चालवता चालवता कानी पडलेल्या त्या वाक्यांनी या मुलाला अक्षरांची भूक लागली. १८२४ मध्ये करार मोडून तो पळाला, तेव्हा त्याला धरून आणणाऱ्यास १० डॉलरचे बक्षीस मालकाने वर्तमानपत्रातून जाहीर केले. फरारी गुलामांसाठी तेथे ज्या तऱ्हेचे जाहीरनामे निघत, त्याच तऱ्हेचा हा जाहीरनामा होता. आणि ते साम्य या माणसाच्या ध्यानात आयुष्यभर आले नाही, याचे मला जितके दुःख वाटते तितके त्याच्या कोणत्याही नकाराधिकाराचे वाटत नाही.

टेनेसीतील ग्रीनव्हिल येथे त्याने स्वतःचे दुकान मांडले, एलायझा मॅकार्डल हिच्याशी लग्न केले, आणि त्या सोळा वर्षांच्या मुलीने नवऱ्याला नीट लिहायला व हिशेब करायला शिकवले. मग पायरीमागून पायरी तो चढत गेला : नगरसभासद, नगराध्यक्ष, राज्याच्या विधिमंडळाचा सभासद, दहा वर्षे वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात, चार वर्षे टेनेसीचा गव्हर्नर, आणि १८५७ मध्ये सेनेटर. गरीब गोऱ्या कुळाला सरकारी जमिनीचा तुकडा फुकट मिळावा म्हणून तो वर्षानुवर्षे झगडला, आणि हजार हजार एकरांवर गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्या उमरावांचा त्याने मनापासून द्वेष केला. १८६१ मध्ये दक्षिणेची राज्ये फुटून निघाली, तेव्हा फुटलेल्या राज्याचा सेनेटर असून ज्याने आपली जागा सोडली नाही, असा तो एकटाच निघाला. याला धैर्य लागते, आणि ते मी त्याच्या पदरात मुक्तहस्ते घालतो. लिंकनने त्याला टेनेसीचा लष्करी गव्हर्नर नेमले. १८६४ च्या जूनमध्ये बाल्टिमोरच्या अधिवेशनात हॅनिबल हॅम्लिनला बाजूला सारून दक्षिणेतला एक निष्ठावंत डेमोक्रॅट हवा म्हणून याला उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली गेली. आणि पुढच्या १४ एप्रिलच्या रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली, तेव्हा याच्या खुनाची कामगिरी ज्याच्यावर सोपवली होती त्या मारेकऱ्याचा धीर सुटला, म्हणून हा वाचला. दुसऱ्या दिवशी आपल्या उताराच्या हॉटेलात सरन्यायाधीश चेस याच्या समक्ष त्याने शपथ घेतली. तीन वर्षांनी त्याच चेसला त्याच्या न्यायसभेचे अध्यक्षस्थान घ्यावे लागले.

आता या उत्कर्षाचे मूळ पाहा. मळेवाल्यांविषयीचा त्याचा संताप गरीब गोऱ्याच्या अपमानातून आला होता, आणि तो त्या सीमेपाशीच थांबला. त्याने स्वतः गुलाम बाळगले होते; मुक्तीच्या जाहीरनाम्यातून टेनेसी वगळावे म्हणून रदबदलीही केली होती. १८६४ च्या शरदात नॅशव्हिलला मशालींच्या उजेडात कृष्णवर्णीय श्रोत्यांपुढे तो म्हणाला की मी तुमचा मोझेस होईन, तुम्हांला दास्यातून पार नेईन. आणि दीड वर्षही लोटले नाही तोच फ्रेडरिक डग्लस व त्याचे सहकारी अध्यक्षांच्या भेटीला गेले, तेव्हा मताधिकाराच्या मागणीवर त्याने त्यांना देश सोडून दुसरीकडे जाण्याचा मार्ग सुचवला. मळेवाला त्याच्या दारी माफीचा अर्ज घेऊन लवून उभा राहिला की शिंप्याच्या पोराचा जन्माचा अपमान धुऊन निघे. मग तो माफी देई, आणि माफीबरोबर त्या मळेवाल्याची सत्ताही परत देई.

संशयी : चरित्र तुम्ही मर्मग्राहीपणे सांगितलेत, आणि त्यातला एकही शब्द मी नाकारत नाही. पण मनाची संकुचितता हा फौजदारी अपराध नव्हे, आणि अंतःकरणावर खटला भरता येत नाही. याच प्रश्नाचा विचार त्या घटनेच्या कर्त्यांनी १७८७ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियाला केला होता, आणि त्या चर्चेत आपल्या इतिहासातला एक माणूस अकल्पितपणे येऊन गेला आहे. मसुद्यात महाभियोगाची कारणे दोनच होती, देशद्रोह आणि लाच. जॉर्ज मेसनने उठून म्हटले की एवढ्याने भागणार नाही. इंग्लंडात वॉरन हेस्टिंग्जवर खटला होऊ घातला आहे, आणि हेस्टिंग्जने काही देशद्रोह केलेला नाही. ज्याच्या अमदानीत कंपनी सरकारने मराठ्यांशी युद्ध चालवून अखेर १७८२ चा सालबाईचा तह केला, तोच हा हेस्टिंग्ज. मेसनने सुचवले की ‘गैरकारभार’ हे कारणही घाला. त्यावर मॅडिसनने जे उत्तर दिले ते मला त्या सबंध परिषदेतले अत्यंत दूरदर्शी वचन वाटते : इतका सैल शब्द घातला तर अध्यक्षाची मुदत म्हणजे सेनेटची मर्जी होईल. मेसनने तो शब्द मागे घेतला आणि त्या जागी ‘गंभीर अपराध व दुर्वर्तन’ असे शब्द आले. म्हणजे वाईट कारभार पुरेसा नाही असे घटनाकारांनी समजून उमजून ठरवले होते.

आणि जॉन्सनवर ठेवलेला आरोप कोणता होता? १८६७ च्या २ मार्चला काँग्रेसने त्याचा नकाराधिकार डावलून पदावधीचा कायदा केला : सेनेटच्या संमतीने नेमलेल्या अधिकाऱ्याला अध्यक्षाने सेनेटच्या संमतीवाचून काढू नये. हा कायदा मुख्यतः युद्धमंत्री एडविन स्टँटन याला मंत्रिमंडळात राखण्याची तजवीज होती, कारण दक्षिणेतले लष्कर त्याच्या खात्याकडे होते आणि त्याचे मन काँग्रेसकडे होते. त्या कायद्याची भाषा अशी की मंत्र्याने ‘ज्या अध्यक्षाने नेमले त्याच्या मुदतीत’ व पुढे एक महिना राहावे. स्टँटनला नेमले लिंकनने. लिंकनची मुदत त्याच्या मृत्यूने संपली. तेव्हा हा कायदा स्टँटनला लागूच नाही, असे जॉन्सनचा वकील बेंजामिन कर्टिस याने सांगितले. हा तोच कर्टिस, ज्याने ड्रेड स्कॉटच्या मुकदम्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या नागरिकत्वाच्या बाजूने निकाल लिहिला होता. त्याला कोणी गुलामगिरीचा कैवारी म्हणणार नाही. शिवाय हा कायदा घटनाबाह्य आहे असे सबंध मंत्रिमंडळाचे मत पडले होते, आणि त्या नकाराधिकाराचा खलिता लिहिण्यास खुद्द स्टँटनने मदत केली होती. ही गोष्ट साक्षीने रुजू करायला नौदलमंत्री वेल्स उभा राहिला, सरन्यायाधीशांनी साक्ष ग्राह्य धरली, आणि सेनेटने सरन्यायाधीशांचा निर्णय फिरवून ती साक्ष नाकारली. ज्या न्यायसभेला आरोपीची बाजू ऐकणे जड जाते, तिच्या फैसल्यावर मी एका राष्ट्राचा प्रमुख सोपवू काय? पुढे १८८७ मध्ये काँग्रेसने तो कायदा स्वतःच रद्द केला, आणि १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मुळात अवैध होता असे म्हटले.

आग्रही : कायद्यापुरते बोलायचे तर एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. १८६७ च्या ऑगस्टमध्ये जॉन्सनने स्टँटनला प्रथम निलंबित केले, सेनेटचे अधिवेशन भरल्यावर कारणे लिहून पाठवली, आणि सेनेटच्या उत्तराची वाट पाहिली. म्हणजे तो त्याच कायद्याने आखून दिलेल्या वाटेने चालला. १८६८ च्या जानेवारीत सेनेटने निलंबन नामंजूर केले, तेव्हा कोठे त्याला कायदा अवैध असल्याची आठवण इतकी तीव्रतेने झाली की २१ फेब्रुवारीला त्याने स्टँटनला बडतर्फ करून लोरेन्झो थॉमसला त्याच्या जागी धाडले. स्टँटनने दप्तर सोडले नाही, तेथेच आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकला. आणि तीन दिवसांत प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला. पण तुम्ही म्हणाल, हा वकिली युक्तिवाद झाला. आणि ते खरे आहे. माझे मन या कलमांत नाहीच. ते दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या एका बेटावर आहे.

१८६५ च्या जानेवारीत जनरल शर्मनने सव्हाना येथून एक लष्करी हुकूम काढला : चार्ल्स्टनपासून दक्षिणेकडे फ्लोरिडातील सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटे व किनारपट्टीवरची सोडून दिलेली भातशेते मुक्त झालेल्या गुलामांना कुटुंबामागे ४० एकरांपर्यंत वाटून द्यावीत. उन्हाळ्यापर्यंत सुमारे ४०,००० माणसे त्या जमिनींवर बसली. ज्या बांधांवर त्यांच्या आज्यापणज्यांचे आयुष्य दुसऱ्यासाठी गेले, त्या बांधांवर त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी नांगर धरला. अशा जमिनीचा तुकडा म्हणजे केवळ पोट नव्हे. ज्याच्या नावावर वावर नाही त्याच्या शब्दाला पंचायतीत किंमत नसते, हे कुळांच्या देशात राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको. आणि मग मे महिन्यात जॉन्सनचा माफीचा जाहीरनामा निघाला. २०,००० डॉलरांवर मालमत्ता असलेल्यांना सरसकट माफी नव्हती, त्यांना अध्यक्षाकडे व्यक्तिशः अर्ज करावा लागे. अर्ज हजारोंनी आले, माफ्या हजारोंनी सुटल्या, आणि माफीबरोबर जमीनही मूळ मालकाला परत असा अध्यक्षाचा हुकूम झाला. मुक्त झालेल्यांच्या कल्याणासाठी जे सरकारी खाते निघाले होते त्याचा प्रमुख जनरल हॉवर्ड याने जमिनी राखून ठेवण्याचे परिपत्रक काढले. अध्यक्षाने ते फिरवायला लावले. ऑक्टोबरमध्ये त्याच हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवले गेले. युद्धात उजवा हात गमावलेला तो सेनानी तेथल्या प्रार्थनामंदिरात उभा राहिला आणि दोन हजारांच्या आसपास जमलेल्या त्या लोकांना त्याने सांगितले की ही जमीन तुमची नाही, तुमच्या जुन्या मालकांशी मजुरीचे करार करा. एका वृद्ध स्त्रीने शोकाचे भजन म्हणायला सुरुवात केली आणि सगळे मंदिर तिच्यामागून म्हणू लागले, असे हॉवर्डनेच पुढे लिहून ठेवले आहे. त्या लोकांनी तिघांची समिती नेमली आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरांत हॉवर्डला व अध्यक्षाला अर्ज लिहिले.

त्याच वर्षाअखेर मिसिसिपीने कायदे केले : मुक्त माणसाने दर जानेवारीत नोकरीचा लेखी दाखला दाखवावा, नाही तर तो भटक्या, भटक्याला दंड, दंड न भरल्यास त्याची मजुरी दुसऱ्याला देऊन टाकावी, आणि शहराबाहेर त्याने शेत खंडानेही घेऊ नये. पुढच्या मे महिन्यात मेम्फिसला तीन दिवस कत्तल चालली, ४६ कृष्णवर्णीय मारले गेले. जुलैअखेर न्यू ऑर्लिन्सला तेच झाले. आणि या सबंध काळात अध्यक्षाच्या लेखणीतून एकामागून एक नकाराधिकार बाहेर पडत होते : मुक्तजनांच्या खात्याला नकार, नागरी हक्कांच्या कायद्याला नकार, पुनर्रचनेच्या कायद्यांना नकार. काँग्रेसला १५ वेळा त्याचा नकार डावलावा लागला. याला तुम्ही मतभेद म्हणता?

संशयी : (काही वेळ थांबून) नाही. एडिस्टोच्या त्या मंदिराला मी मतभेद म्हणणार नाही. तो शब्द मी मागे घेतो. पण आता तुम्हीच माझ्या प्रश्नाला उत्तर द्या. एडिस्टो बेट अकरांपैकी कोणत्या कलमात आहे? पहिली आठ कलमे स्टँटनची बडतर्फी आणि थॉमसची नेमणूक यांभोवती फिरतात. नववे एका सेनाधिकाऱ्याशी झालेल्या संभाषणाविषयी. दहावे बेंजामिन बटलरने लिहिले. १८६६ च्या प्रचारदौऱ्यात क्लीव्हलंड, सेंट लुइस येथे अध्यक्षाने काँग्रेसची केलेली निंदानालस्ती हा त्याचा विषय. अकरावे सगळ्याचे गाठोडे. मेम्फिस नाही, मिसिसिपी नाही, ४० एकर नाहीत. तुम्ही ज्या अपराधाने व्यथित झाला आहात त्यासाठी त्याचा न्याय झालाच नाही. ज्यासाठी झाला तो अपराध संशयास्पद. खून केला म्हणून ज्याला फासावर द्यावेसे वाटते, त्याला दाखल्याशिवाय गाडी हाकल्याच्या आरोपाखाली फासावर द्यायचे, आणि लोकांच्या संतापाने मधले अंतर भरून काढायचे, हा न्याय नव्हे.

आग्रही : अकराव्या कलमात पुनर्रचनेच्या कायद्याची अंमलबजावणी अडवल्याचा उल्लेख आहे. थॅडियस स्टीव्हन्सने तो आग्रहाने घालून घेतला. तो मरणाच्या दारात होता, खुर्चीत बसवून त्याला सभागृहात उचलून आणीत. निकालानंतर तीन महिन्यांच्या आत तो गेला.

संशयी : ओझरता उल्लेख, आणि स्टीव्हन्सविषयी मला आदर असल्यामुळेच मी म्हणतो की त्याच्या लायकीचे ते कलम नव्हते. शिवाय न्यायसभेच्या रचनेकडे पाहा. उपाध्यक्षाची जागा रिकामी होती. जॉन्सन गेला असता तर तेव्हाच्या कायद्याने सेनेटचा हंगामी अध्यक्ष बेंजामिन वेड राष्ट्राध्यक्ष झाला असता. आणि त्या वेडने स्वतः दोषी म्हणून मत दिले. दुसऱ्या बाजूला अध्यक्षाचा जावई पॅटरसन टेनेसीचा सेनेटर म्हणून निर्दोष म्हणत होता. आणि याहून मोठी गोष्ट : ३७ राज्यांच्या त्या राष्ट्रात त्या दिवशी २७ राज्येच सेनेटमध्ये होती. दक्षिणेच्या दहा राज्यांच्या वीस जागा रिकाम्या होत्या. ज्या पक्षाने त्या जागा रिकाम्या ठेवल्या, त्याच पक्षाच्या दोनतृतीयांश बहुमताने हा महाभियोग आणला. अपुऱ्या सभेने दिलेल्या फैसल्याला तुम्ही राष्ट्राचा फैसला कसे म्हणाल?

आग्रही : आता तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलेत, आणि ते बोट मी हलू देणार नाही. त्या वीस जागा भरायला १८६५ च्या डिसेंबरात माणसे आली होती. त्यांना पाठवले होते कोणी? ज्या मतदारयाद्यांत एकाही कृष्णवर्णीयाचे नाव नव्हते त्या याद्यांनी. पुढच्याच महिन्यात जॉर्जियाने सेनेटसाठी निवडले ते अलेक्झांडर स्टीफन्सला, म्हणजे नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत जो बंडखोर संयुक्त राज्यांचा उपाध्यक्ष होता त्याला. मिसिसिपी आणि दक्षिण कॅरोलायना या राज्यांत तर कृष्णवर्णीयांचीच लोकसंख्या अधिक होती. तेव्हा त्या जागा तशा भरल्या असत्या तर सभा पुरी झाली असती काय? वीस सेनेटरांची अनुपस्थिती तुम्हांला दिसते, कारण त्यांच्या रिकाम्या खुर्च्या तेथे मांडलेल्या होत्या. ४० लाख माणसांची अनुपस्थिती दिसत नाही, कारण त्यांच्या नावाची खुर्ची कोणी केलीच नव्हती.

संशयी : हे मला मान्य करावे लागते, आणि मान्य करताना माझ्या मतातला एक खांब निखळतो हेही मला कळते. तरीपण दुसरा उभा आहे. ज्या सात रिपब्लिकनांनी आपल्या पक्षाविरुद्ध जाऊन निर्दोष म्हटले, त्यांच्यापैकी एडमंड रॉसचे नाव केनेडींच्या धैर्यकथांच्या पुस्तकामुळे सर्वतोमुखी झाले. मी त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. खटल्यानंतर त्याने जॉन्सनकडे आपल्या माणसांच्या नेमणुकांसाठी शब्द टाकले, आणि ते मानलेही गेले, हे मला ठाऊक आहे. माझी भिस्त लायमन ट्रंबलवर आहे. मुक्तजनांच्या खात्याचे विधेयक त्याने लिहिले होते, नागरी हक्कांचे विधेयकही त्यानेच लिहिले होते. जॉन्सनने नकाराधिकाराने फाडले ते याच्या हातचे कागद. या माणसाला एडिस्टो ठाऊक नव्हते असे तुम्ही म्हणू शकत नाही. आणि तरीही तो म्हणाला की हा पायंडा पडला तर प्रतिनिधिगृहाच्या बहुमताशी व सेनेटच्या दोनतृतीयांशाशी महत्त्वाच्या बाबतीत मतभेद असलेला कोणताही अध्यक्ष पुढे सुरक्षित राहणार नाही. अर्धांगवायूच्या झटक्यातून नुकता उठलेला ग्राइम्स लोकांच्या आधाराने आत आला आणि त्यानेही तेच मत दिले. ही माणसे विकली गेली नव्हती. हक्क देणारा कायदा लिहिणारा हात आणि आरोपीला सोडणारा हात एकाच माणसाचा असू शकतो, ही गोष्ट तुमच्या सिद्धान्तात कोठे बसते?

आग्रही : बसत नाही, आणि ट्रंबलपाशी मी नेहमीच अडखळतो. त्याच्या हेतूवर मला शंका घेता येत नाही. मला एवढेच म्हणता येते की त्याने एका भावी संकटाची तुलना एका चालू संकटाशी केली, आणि भावी संकट त्याला अधिक मोठे दिसले, कारण ते त्याच्यासारख्यांवर येणारे होते. पण हे म्हणताना मी त्याच्यावर अन्याय करतो आहे की काय, याची मला खात्री नाही.

संशयी : मग आपण असे करू. ते बारावे कलम, जे त्यांनी लिहिले नाही, ते तुम्ही लिहा. मी प्रत्येक वाक्य घटनेशी ताडून पाहतो.

आग्रही : लिहितो. पहिले वाक्य : अध्यक्षाने बंडखोरांना सरसकट माफी देऊन त्यांची सत्ता पुन्हा प्रस्थापित केली.

संशयी : माफीचा अधिकार घटनेने त्याला दिला आहे, आणि महाभियोगाचा एक प्रसंग वगळता त्या अधिकाराला मर्यादा घातलेली नाही.

आग्रही : दुसरे : नागरी हक्कांच्या संरक्षणाचे कायदे त्याने नकाराधिकाराने अडवले.

संशयी : तोही घटनेचाच अधिकार, आणि काँग्रेसने तो डावलला, म्हणजे घटनेने ठेवलेला उपायही लागू पडला.

आग्रही : तिसरे : पुनर्रचनेच्या कायद्यांची प्रामाणिकपणे अंमलबजावणी करणाऱ्या शेरिडन, सिकल्स यांसारख्या सेनापतींना त्याने दक्षिणेतून उचलले.

संशयी : तो सेनेचा सरसेनापती होता.

आग्रही : थांबा. आता चौथे, आणि हे मी सावकाश लिहितो. कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होईल याची काळजी घेईन, हे घटनेने अध्यक्षावर घातलेले कर्तव्य आहे. ती सवलत नव्हे. माफी, नकार, बदली, नेमणूक हे त्याचे अधिकार एकेकटे घेतले तर वैध आहेत. पण ते सगळे तीन वर्षे एकाच दिशेने, एकाच हेतूने, राष्ट्राने रक्त सांडून मिळवलेला एक निर्णय कागदावर ठेवून प्रत्यक्षात पुसून टाकण्यासाठी वापरले गेले. आणि अधिकाराचा असा वापर हाच तो गंभीर अपराध, ज्यासाठी मेसनने हेस्टिंग्जचे नाव घेतले होते. कारण हेस्टिंग्जच्याही प्रत्येक कृत्यापाठीमागे काही ना काही सनद होतीच.

संशयी : हे वाक्य मला सहजासहजी खोडता येत नाही. मॅडिसनचा आक्षेप मी त्यावर लावून पाहतो, आणि तो पूर्वीसारखा चपखल बसत नाही. कारण हा नुसता गैरकारभार नव्हे, कर्तव्याचा उलटा उपयोग आहे. पण ‘एकाच हेतूने’ हे शब्द कोण सिद्ध करणार, आणि ते सिद्ध झाले असे कोण ठरवणार? उद्या ज्या अध्यक्षाचे धोरण मला चांगले वाटते, त्याच्यावर हेच वाक्य त्याचे विरोधक जसेच्या तसे ठेवतील.

आग्रही : ठेवतील. त्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. पण ज्या संरक्षणाला या अपराधापर्यंत पोहोचता येत नाही, ते संरक्षण कोणाचे?

संशयी : त्या प्रश्नाचे ओझे मी नाकारत नाही. मात्र तुमचे कलम लिहून झाले, तेव्हा मला आणखी एक पाहायचे आहे. समजा, ते १८६८ च्या मार्चमध्ये सेनेटपुढे ठेवले असते. ज्या ३५ जणांनी जॉन्सनला दोषी म्हटले, त्यांतल्या किती जणांनी या कलमावर दोषी म्हटले असते? १८६७ च्या शरदात ओहायोच्या मतदारांनी कृष्णवर्णीयांना मत देण्याचा प्रस्ताव फेटाळला, मिनेसोटाने फेटाळला, कॅन्ससने फेटाळला. ही उत्तरेची, जिंकलेली, गुलामगिरीविरुद्ध लढलेली राज्ये. १८६६ मध्ये मुक्तजनांच्या खात्याच्या विधेयकात बंडखोरांच्या जप्त जमिनी घालण्याची स्टीव्हन्सची सूचना प्रतिनिधिगृहाने मोठ्या बहुमताने फेटाळली, आणि फेटाळणाऱ्यांत त्याच्याच पक्षाचे लोक होते. पुढच्या वर्षी त्याने कुटुंबामागे ४० एकरांचे विधेयक आणले, त्याचेही काही झाले नाही. स्टँटनची बडतर्फी हा आरोप त्यांनी का निवडला, याचे कारण मला आता वेगळे दिसू लागले आहे. तो आरोप एकट्या जॉन्सनला लागत होता. तुमचे बारावे कलम न्यायासनावर बसलेल्यांनाही लागले असते.

आग्रही : हे मी आजवर अशा रीतीने पाहिले नव्हते, आणि पाहिल्यावर माझ्या रागाची जागा हलते. १८७३ मध्ये पुण्याला जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ त्याग केला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये लुइझियानात कोलफॅक्स येथे शरण आलेल्या कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या टोळ्यांनी ठार मारले होते. त्या दोन घटना मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा फुल्यांची अर्पणपत्रिका मला भोळी वाटत नाही. जे लोक आपल्या शब्दाला पुरे पडले नव्हते, त्यांच्यापुढे त्यांचाच शब्द धरला गेला, असे वाटते. तसेच या कलमाचे. ते ३६ मते मिळवू शकले नसते, हे मी मान्य करतो; म्हणूनच ते लिहिले जायला हवे होते.

संशयी : जे मंजूर होणार नाही हे आधीच ठाऊक आहे, असे दोषपत्र न्यायसभेपुढे आणणे हा न्याय झाला की अर्ज?

आग्रही : एडिस्टोच्या लोकांनी अर्जच केला होता.

संशयी : आणि तुमच्या कलमात आरोपी म्हणून कोणाकोणाची नावे घालाल?

आग्रही : पहिले जॉन्सनचे. त्याच्या खाली, जप्त जमिनींच्या त्या सूचनेवर कोणी कसे मत दिले याची १८६६ ची यादी समोर घेऊन, मला एकेक नाव वाचत जावे लागेल. आणि त्यांतली पुष्कळशी नावे दोन वर्षांनी महाभियोग मंजूर करणाऱ्यांच्या यादीतही सापडतील.